दाखवून आणलं का?

‘श्यामची आई’ आणि ‘बॉय इरेज्ड’ ही दोन नावं मी एका वाक्यात लिहिली म्हणून कुणी रागावण्याआधी सांगते, दोन्ही आठवणींच्या पुस्तकांवरून केलेले सिनेमे आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणी लिहून काढल्या. अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मराठीत आलं. गॅरर्ड कॉन्ली या अमेरिकन लेखकाने स्वतःच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आठवणी २०१६ मध्ये छापल्या. त्यावर जोएल एजर्टनने २०१८ मध्ये सिनेमा केला. दोन्हीकडे गोष्ट मुलाची, पण थिएटरमधून (किंवा माझ्यासारखं मोबाईलवर हेडफोन लावून बघितलं तर अंथरुणातून) उठताना डोक्यात राहते ती आई.

फरक एवढाच की श्यामची आई लेकराला घडवते. कॉन्लीची आई लेकराला स्वतः गाडीत बसवून अशा जागी नेऊन सोडते जिथे त्याला मोडायचं काम चालतं. आणि नंतर तीच त्याला तिथून बाहेर काढते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉन्ली अर्कान्सासमधल्या धार्मिक घरातला. वडील गाड्या विकायचे आणि बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक व्हायच्या वाटेवर होते. कॉलेजात एका मुलाने त्याच्यावर बलात्कार केला, आणि वर त्याच मुलाने घरी कळवलं की तुमचा मुलगा समलिंगी आहे. २००४ मध्ये घरच्यांनी त्याला मेम्फिसच्या ‘लव्ह इन अॅक्शन’ या संस्थेत ‘सुधारायला’ पाठवलं. तिथे पहिल्याच दिवशी त्याची लिहिण्याची वही घेतली, पानं फाडली. मग घराण्याचा वंशवृक्ष काढायला लावला आणि प्रत्येक नातेवाइकापुढे त्याच्या पापाचं अक्षर लिहायला सांगितलं. दारूचं एक अक्षर, जुगाराचं एक. म्हणजे तुझ्यात हे कुठून आलं ते शोध. (आमच्या चारठाण्यात असा तक्ता काढायला बसलं तर कुठल्याच घराला फळा पुरायचा नाही, पण ते असो.) साधारण दोन आठवड्यांत आईने त्याला तिथून नेलं. पुस्तक लिहायला मात्र त्याला दहा-एक वर्षं लागली.

आता सिनेमा म्हणून तो कसा आहे? माझं मत विचाराल तर चांगला आहे, पण जरा जास्तच नीटनेटका आहे. एजर्टन स्वतः समलिंगी नाही. त्याने कॉन्लीला आणि असल्या ‘उपचारां’तून गेलेल्या इतरांना सोबत घेऊन काम केलं, आणि ते दिसतं. नावं बदलली, गॅरर्डचा जेरेड झाला. निकोल किडमन आई झाली, रसेल क्रो बाप. सगळ्यात अंगावर येतो तो एक प्रसंग, जिथे एका मुलाची खोटी अंत्ययात्रा मांडतात आणि त्याच्याच घरच्यांना बायबलने त्याला मारायला लावतात. पण पुस्तकातली सगळ्यात मोठी जखम वेगळी आहे. लहानपणापासून तो ज्या देवाशी बोलायचा, ते बोलणं तिथे तुटलं. ही गोष्ट सिनेमाला नीट पकडता आली नाही. मार दाखवता येतो. प्रार्थना करायला बसावं आणि समोर कुणीच नाही असं वाटावं, हे कॅमेऱ्यात कसं घ्यायचं? मला वाटतं, आठवणींवरून सिनेमा करणाऱ्या प्रत्येकाचं काम इथेच अडतं.

एक प्रसंग मात्र सिनेमाने फार छान घेतलाय. आई-बाप मुलाला आधी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेतात. हार्मोन कमी आहेत का तपासा म्हणतात. ती बाई त्याला एकटं बसवून स्वच्छ सांगते की तू अगदी धडधाकट, नॉर्मल मुलगा आहेस. दोन मिनिटांचा प्रसंग असेल. तेव्हाच आई-बापांनी तिचं ऐकलं असतं तर पुढचा सिनेमाच झाला नसता.

आणि इथून मला आपल्याकडे यायचंय.

‘कन्व्हर्जन थेरपी’ला मराठीत शब्द नाही. ‘लैंगिकता बदलण्याचे उपचार’ असं काहीतरी बातमीत लिहितात, ते वाचून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. पण आपल्या बोलण्यात त्यासाठी एक क्रियापद आहे आणि ते सगळ्यांना माहितीय. दाखवणं. पोरगं जरा वेगळं वाटलं की मावशी, आत्या, शेजारच्या काकू एकच विचारतात, ‘दाखवून आणलं का?’ आधी डॉक्टरला दाखवतात. गुण आला नाही की जाणत्याला दाखवतात, म्हणजे अंगारा, दोरा, अमावस्या. तिथेही काही झालं नाही की मुलगी दाखवतात.

तिन्ही ठिकाणी एकच शब्द. डॉक्टर, देवऋषी आणि नवरी. अमेरिकेत त्यासाठी कॅम्प लागतो, फी भरावी लागते, माहितीपुस्तिका छापावी लागते. आपल्याकडे हे सगळं घरच्या घरी, नातेवाइकांच्या सल्ल्याने आणि अतिशय प्रेमाने होतं.

माझ्या ओळखीतला एक मुलगा आहे. त्याचं गाव, वय, शिक्षण काहीच लिहीत नाही, कारण आपल्याकडे एवढं लिहिलं तरी घर सापडतं. त्याला आधी शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की तो दिवसभर झोपायचा. घरचे म्हणायचे, बघा, शांत झाला. मग एका महाराजांकडे अकरा गुरुवार. जाताना आई रोज डबा करून द्यायची, त्यात त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. हे तो मला हसत सांगत होता. त्याचा कुणावरच राग नाही, हेच मला सहन होत नव्हतं. आता घरात बायोडेटे फिरायला लागलेत. ‘तू काय बोललास?’ असं मी विचारलं तर म्हणाला, ‘काय बोलणार? माय रडायली ना.’

आणि इथे मी दुसऱ्या बाजूने यात येते. मी बावीस वर्षांची आहे. डिग्री संपत आलीय, इंटर्नशिप चालू आहे आणि माझाही फोटो कुठल्या कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असणार. म्हणजे उद्या अशाच एखाद्या घरातलं स्थळ मला सांगून येऊ शकतं. मुलगा चांगला, निर्व्यसनी, मुलींकडे वर मान करून बघत नाही! (आपल्याकडे हा गुण समजतात.) लग्न हा जर त्याचा इलाज असेल, तर मी कोण? मी औषध. आणि औषधाला कुणी विचारत नाही की बाई, तुला चालेल का.

म्हणून मला हा विषय ‘त्यांचा’ वाटत नाही. ‘लग्न करून टाका, सुधारेल’ या चार शब्दांत दोन माणसं एकदम संपतात. त्यातल्या एकीला तर आपण का संपलो हेही कळत नाही. ती वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देते, मी दिसायला बरी नाही का, माझंच काही चुकतंय का. वर मूल होत नाही म्हणून तिलाच डॉक्टरला दाखवतात. आलं बघा पुन्हा तेच क्रियापद.

२०१८ साली अमेरिकेतल्या विल्यम्स इन्स्टिट्यूटने अंदाज काढला होता की त्या देशातल्या सुमारे ६ लाख ९८ हजार प्रौढांनी कन्व्हर्जन थेरपी भोगलीय. आपल्याकडे मोजायचं म्हटलं तर काय मोजणार? पत्रिका?

विज्ञानाचं फार लांबवत नाही, कारण त्यात आता वाद उरलेला नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९७३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने काढली १७ मे १९९० रोजी, म्हणजे माझ्या जन्माच्याही किती आधी. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून संमतीने ठेवलेले संबंध वगळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर लिहिलंय की समाजाच्या नीतिमूल्यांत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पुढे मद्रास हायकोर्टात दोन मुलींनी घरच्यांपासून संरक्षण मागितलं. तेव्हा न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आधी स्वतः समुपदेशकाकडे बसून हा विषय समजून घेतला. जून २०२१ च्या आदेशात त्यांनी असले ‘उपचार’ बंद करायला सांगितलं. त्यातूनच ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे कुणी डॉक्टर ‘बरा करतो’ म्हणत असेल तर त्याची तक्रार होते. हे माझ्या त्या मित्राला माहीत नव्हतं. मलाही हा लेख लिहायला बसेपर्यंत नव्हतं.

जाणत्यासाठीही आपल्या राज्यात कायदा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी. त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी किती वर्षं घालवली आणि तो कुठल्या दिवसांत आला, हे वेगळं सांगायला नको. भूत उतरवतो म्हणून मारहाण केली तर आत जावं लागतं.

म्हणजे डॉक्टरला आवर घालायला कागद आहे, जाणत्यालाही आहे. तिसऱ्या इलाजाला काहीच नाही. उलट त्याला आहेर आहे, बँड आहे, जेवणावळी आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यावर आमच्या वर्गात दोन तास चर्चा झाली. मला त्यात एवढंच बोलायचं होतं की ज्याच्याशी करायचंय त्याच्याशी लग्न कायद्यात बसत नाही, आणि जिच्याशी करायचं नाही तिच्याशी ते आठ दिवसांत लागतं.

काहीजण म्हणतील, मराठी माणसाला हे सगळं नवीन आहे, जरा वेळ द्या. अजिबात नवीन नाही. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न असत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कोर्टात त्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतायत, त्यांना शास्त्रीय उत्तर देणं म्हणजे अश्लीलता कशी, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण विचार करा, नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत एक मराठी मासिक हे छापत होतं आणि एक मराठी वकील त्यासाठी भांडत होता. अमोल पालेकरांनी कर्व्यांवर ‘ध्यासपर्व’ केला, अजित दळवींनी नाटक लिहिलं. आमच्या अभ्यासक्रमात हा खटला एका ओळीत येतो. खरं तर तो एक अख्खा तास शिकवायला हवा.

बरं, मग या गोष्टी आपल्या सिनेमात का नाहीत? आहेत. पण गंमत बघा कुठल्या भाषेत.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. मूळचे नागपूरकडचे. मराठीत कविता लिहायचे. २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण केलं, त्यांना निलंबित केलं. हायकोर्टातून त्यांना दिलासा मिळाला आणि काही दिवसांतच ते घरी मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावरचा ‘अलीगढ’ २०१६ मध्ये आला, मनोज वाजपेयीने जीव ओतलाय. भाषा हिंदी. सचिन कुंडलकरची ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरी. तिच्यावरचा सिनेमा २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला तोपर्यंत पुण्याचं घर कोचीला गेलं होतं आणि माणसं हिंदीत बोलायला लागली होती. गोव्याच्या डॉमिनिक डिसूझाला १९८९ मध्ये एचआयव्ही आहे म्हणून धरून जुन्या टीबी दवाखान्यात कोंडलं होतं. त्याच्या आयुष्यावरून ओनिरने २००५ मध्ये ‘माय ब्रदर निखिल’ केला. तोही हिंदी. पुण्याच्या गौरी सावंत यांच्यावरची ‘ताली’ दिग्दर्शित केली रवी जाधवांनी, ज्यांनी आपल्याला ‘नटरंग’ दिला. ती मालिकाही हिंदी.

मला हिंदीचं वावडं नाही. बजेट कुठून येतं हे आम्हाला कॉलेजात शिकवलंय. पण हिंदी सिनेमातलं दुःख आमच्या आजीला कायम दुसऱ्यांच्या घरातलं वाटतं. ती म्हणते, ‘मोठ्या लोकाचं काय, ते काहीबी करतेत.’ तेच आपल्या बोलीत, आपल्यासारख्या ओट्यावर, आपल्यासारखं नऊवारी घातलेल्या बाईच्या तोंडून आलं तर तिला असं म्हणून सुटता येणार नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. ‘सबर बोंडं’ने ते करून दाखवलंय. रोहन परशुराम कानवडेचा हा मराठी सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला आणि सप्टेंबरात आपल्याकडे लागला. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, त्याच्याही मागे घरचे लग्नासाठी लागलेत. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकातून ही गोष्ट सुचलीय. म्हणजे पुस्तक छापलं नसलं तरी आठवणींतूनच आलेला सिनेमा. यात कुणी कुणाला शॉक देत नाही, मारत नाही. फक्त विचारत राहतात, कधी करतोस? एवढंच, पुन्हा पुन्हा. हा प्रश्न किती जड असतो हे कळायला तो सिनेमा बघा. शिवाय त्यातली आई सगळं जाणून लेकाच्या बाजूने उभी आहे, गाजावाजा न करता.

(योगायोग म्हणजे याच सनडान्सला २०१८ मध्ये अमेरिकन विभागातलं हेच पारितोषिक ‘द मिसएज्युकेशन ऑफ कॅमेरॉन पोस्ट’ला मिळालं होतं. तो सिनेमा कन्व्हर्जन थेरपीच्या शाळेवरच्या कादंबरीवरून केलेला होता.)

मग आता मला काय हवंय? मला ‘दाखवण्या’वरचा सिनेमा हवाय. ‘सबर बोंडं’ जिथे थांबतो त्याच्या पलीकडचा. लग्न झालंय, इलाज चालू आहे, तिथला. आणि तो खऱ्या आठवणींवरून केलेला हवाय.

इथे खरी अडचण येते, ती आठवणी लिहिणार कोण? मराठीला आत्मकथनाचं भय नाही. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ ज्या भाषेत लिहिली गेली ती भाषा घाबरट नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’वरून १९८२ मध्ये भास्कर चंदावरकरांनी ‘अत्याचार’ हा सिनेमाही केला. लक्ष्मी त्रिपाठींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ दुकानात मिळतं. पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ लिहून वीस वर्षं होऊन गेली. ती कादंबरी डायरीच्या रूपात आहे आणि बरीचशी स्वतःच्या आयुष्यातून आलेली आहे. त्यांनी स्वतः लग्न, मग घटस्फोट असा रस्ता पाहिलाय आणि त्यावर ते जाहीर बोललेत. ‘मनाचिये गुंती’ हे पालकांच्या अनुभवांचं पुस्तकही त्यांनी काढलं. चेतन दातार यांचं ‘एक माधवबाग’ तर लेकाची डायरी वाचणाऱ्या आईचंच नाटक आहे. मोना आंबेगावकर ते वर्षानुवर्षं करतायत.

पण हे सगळं पुण्या-मुंबईचं. चारठाण्यात किंवा जिंतूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात कुणी असं लिहिलं तर नाव बदलून काय होणार? एका गल्लीतलं एक घर, तीन भाऊ, त्यातल्या एकाची बायको माहेरी. झालं, सगळ्यांना कळलं. अमेरिकेत गॅरर्डचा जेरेड केला की भागतं, आपल्याकडे गावाचं नाव बदललं तरी आडनावावरून तालुका ओळखतात. शिवाय आठवणी एकट्याच्या नसतात. त्यात आई आहे, बहीण आहे जिचं लग्न व्हायचंय, आणि ती बायको आहे. तिची परवानगी कुणी घ्यायची? मला वाटतं असं पुस्तक दोघांनी लिहायला हवं. एक प्रकरण त्याचं, एक तिचं. सिनेमालाही त्याने पाठीचा कणा मिळेल, कारण एकाच खोलीतल्या एकाच रात्रीची दोन वर्णनं पूर्ण वेगळी निघतील.

आणि कुणी केलाच तर कृपा करून विजेचे झटके दाखवू नका. म्हणजे तसे देत नाहीत असं नाही, दिलेत. पण पडद्यावर झटके दिसले की प्रेक्षक सुटतो, आम्ही तर असलं काही केलं नाही बुवा! प्रेक्षकाने आपण केलेलं ओळखायला हवं. एसटीत खिडकीशी बसलेला मुलगा आणि मांडीवर रिपोर्टांची पिशवी घेतलेला बाप. जिंतूरच्या स्टँडवर उतरून दोघं रसवंतीत बसतात, बाप त्याला मोठा ग्लास सांगतो, स्वतःला छोटा. त्या बापाला खलनायक करू नका. ‘बॉय इरेज्ड’नेही केलं नाही. शेवटी बाप-लेक समोरासमोर बसतात आणि मुलगा सांगतो की मी बदलणार नाही, आता तुम्हाला बदलावं लागेल. बाप लगेच बदलत नाही. मराठीत हा सीन लिहिला तर निर्माता म्हणेल, मिठी घाला आणि मागे सनई. घालू नका. विनोद मात्र असू द्या, भरपूर. त्या अकरा गुरुवारांत मित्राने महाराजांच्या इतक्या नकला केल्यात की मी पोट धरून हसलेय.

भाषाही इथली ठेवा, म्हणजे परभणीची. ‘करायलास’, ‘जायलोत’ असं बोलणारी माणसं मराठी सिनेमात एक तर चोर असतात नाही तर नोकर. एकदा आम्हाला नायक होऊ द्या, समलिंगी का असेना. लोकेशनचीही काळजी नको. चारठाण्यात चालुक्य-यादवांच्या काळातली देवळं आहेत, फोटो काढणारे कुठून कुठून येतात. फक्त ड्रोनने देवळं दाखवून मग घरात शिरताना कॅमेरा बंद करू नका.

राहता राहिला प्रश्न बघणार कोण. मल्टिप्लेक्सला सकाळी नऊचा एक शो मिळेल आणि दुसऱ्या शुक्रवारी उतरेल, हे मान्य. चारठाण्यात तर थिएटरच नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की असा सिनेमा कॉलेजांच्या एनएसएस शिबिरांत दाखवा. सात दिवस आम्ही गावात राहतो, शोषखड्डे खणतो, संध्याकाळी व्याख्यान असतं आणि अर्धी मुलं झोपतात. त्यातली एक संध्याकाळ द्या. आशाताईंच्या बैठकीत दाखवा, कारण ‘दाखवून आणलं का’ हे आधी त्यांच्याच कानावर येतं. मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला दाखवा. २०२४ मध्ये वैद्यकीय आयोगानेच नव्या अभ्यासक्रमात समलैंगिकतेला पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त बसवलं होतं आणि ओरड झाल्यावर आठवड्याभरात मागे घेतलं. म्हणजे तिथेही गरज आहे.

तोपर्यंत वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात सध्या हे ‘दाखवणं’ चालू असेल, तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. समोरच्याने बरं करतो म्हटलं तर फोन ठेवून द्या.

मित्राला हा लेख छापायच्या आधी वाचायला पाठवला होता. त्याने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. चटणीचं राहू दे म्हणाला.